डावीकडची पंगत

जेवताना दाताखाली खडा आला की आमचे हे घर डोक्यावर घेतात. लग्न झालं तेव्हापासूनची रीत आहे ही. त्या उन्हाळ्यात मात्र ते मुकाट्याने जेवत होते. माझ्या आजारपणाने का होईना, माणसाला शहाणपण आलं, असं मी मनात म्हणाले. मग एकदा ताटं उचलताना त्यांचं ताट हातात फिरलं आणि कडेवर ओळीने मांडून ठेवलेले खडे दिसले. तुरीच्या डाळीतले, भुरे, बारीक. डाळ मीच निवडली होती. ते माझ्या समोर बसत, आणि खडा लागला की हळूच काढून आपल्या उजव्या हाताला ताटाच्या कडेवर ठेवत. त्यांचा उजवा हात म्हणजे माझी डावी बाजू. तिथे ठेवलेलं मला दिसणार नाही, हे त्यांनी बरोबर हेरलं होतं.

मला राग आला आणि रडूही आलं. राग आधी आला.

झालं होतं ते असं. चैत्रातल्या एका सकाळी मी पेपर उघडला तर मथळे अर्धवट छापलेले. छापणाऱ्यांना दोन शब्द ऐकवून मी घड्याळाकडे पाहिलं. घड्याळात बारापासून सहापर्यंतचे आकडे होते, पुढचे नव्हतेच. तेवढ्यात ह्यांनी चहा आणला. त्यांच्या चेहऱ्याला एकच कान होता आणि मिशीही अर्धीच. मी चष्मा काढून पदराने पुसला, परत लावला. कान आला नाही.

इंदूरला नेलं तेव्हा कळलं की मेंदूच्या मागच्या भागात रक्ताची गुठळी अडकली होती. हात, पाय, जीभ सगळं शाबूत राहिलं. जीभ तर आधीपेक्षा जास्त चालते, असं ह्यांचं मत. डोळेही दोन्ही चांगले होते. फक्त समोरच्या जगाचा डावा अर्धा भाग मेंदूने घेणं बंद केलं होतं. लोक विचारतात, तिकडे काळं दिसतं का? काळं दिसलं असतं तर बरं झालं असतं, निदान काहीतरी गेलंय हे तरी कळलं असतं. तुम्हाला तुमच्या पाठीमागे काय दिसतं? काळं दिसतं का? काहीच नाही ना? माझ्या डाव्या हाताला तसं होतं.

पुण्याला असलेला आमचा मुलगा धावत आला. आमचा एकुलता एक. त्याच्या देखत मी डाव्या खांद्याने दाराच्या चौकटीवर आपटले, स्टुलावरची पाण्याची बाटली पाडली आणि नसलेल्या खुर्चीवर बसायला गेले. निघताना त्याने सांगितलं, "देख आई, सीधी बात आहे. दिवाळीपर्यंत बघू. तोवर तू एकटी घरात राहू शकली, तुझं तू शोधू शकली, तर ठीक. नाही तर घराला कुलूप लावू आणि दोघंही पुण्याला चला."

मला घर सोडायचं नव्हतं. हे सरळच सांगते. आमचे हे नेपानगरला कागद गिरणीत होते आणि आमचा सगळा संसार गिरणीच्या क्वार्टरमध्ये झाला. मी तिथून रोज गाडीने बुऱ्हाणपूरच्या शाळेत गणित शिकवायला यायची. भिंतीत खिळा ठोकायचा तरी परक्याच्या भिंतीत. निवृत्त झाल्यावर इथे, पॉवरलूमच्या गल्लीत, हे तीन खोल्यांचं घर बांधलं. स्वतःच्या भिंती मिळून फार वर्षं झाली नव्हती. पुण्यात दहाव्या मजल्यावर, दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात चहा करताना साखर कुठे आहे हे विचारत राहायचं, ही कल्पनाच मला सोसवत नव्हती.

पण त्या उन्हाळ्यात ते घर माझ्याशी नीट वागत नव्हतं. ठेवलेली वस्तू जागेवरून जायची. मी ओट्यावर झारा ठेवायची, वळायची, आणि झारा नाही. शोधून शोधून थकायची. मग मान जरा फिरली की झारा तिथेच, आधी होता तिथेच, जणू कोणी आत्ताच आणून ठेवला. माणसांचंही तेच. मोकळ्या खोलीत मी एकटी बसलेली असायची आणि एकाएकी माझ्या नाकासमोरच्या हवेतून एक बाई बाहेर यायची. आधी नाक, मग गाल, मग सगळी बाई. ती शेजारीण असायची, दारातून आत येऊन 'काकू, काकू' म्हणत उभी राहिलेली. हाक ऐकू यायची, पण हाकेला माणूस नसायचं. मी दचकून ओरडायची आणि बिचारी शेजारीणही ओरडायची. पुढे पुढे तिने यायचंच कमी केलं.

आणि मग पंगत बसायला लागली.

पहिल्यांदा ती मागच्या खोलीत बसली, भरदुपारी. मी उजव्या खिडकीकडे बघत होते. बाहेर लूमची खडखड चालू होती. डावीकडे, जिथे काहीच नसतं, तिथे हळूहळू काहीतरी असल्यासारखं झालं. भिंतीला लागून माणसांची एक ओळ बसली होती. सगळ्यांच्या पाठी माझ्याकडे. जेवायला बसतात तशी मांडी घालून, खांद्याला खांदा लावून, जरा वाकून. अंगावरचे कपडे धुऊन विटलेल्या रंगाचे. कोणी बोलत नव्हतं, हलत नव्हतं. वाढायची वाट बघत असावेत असं मला वाटलं. हे वाटलं म्हणून मी जास्त घाबरले, कारण घरात वाढणारी मीच.

मी ह्यांना हाक मारली. हे आले, खोलीभर फिरले, त्या भिंतीपाशीही जाऊन उभे राहिले. "कोनी नाही ना इथं. काबरं घाबरते?"

"तुम्ही त्यांच्या अंगावर उभे आहात," मी म्हणाले. ह्यांचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं, बायको हातची गेली. मलाही तसंच वाटलं. पण हे मुलाला कळलं तर दिवाळीपर्यंतही थांबणार नाही, म्हणून आम्ही दोघांनी ते पोटात ठेवलं.

खडे सापडले त्या दिवशी ह्यांनी ठरवलं की मला बघायला ते स्वतःच शिकवणार. त्यांची सगळी नोकरी बघण्यात गेली होती. गिरणीत मशीनवरून कागद धावतो तो डोळ्याला पकडता येत नाही इतक्या जोरात. त्यात कुठे भोक आहे, कुठे डाग आहे, हे बघायचं त्यांचं काम. नवीन माणूस कागदामागे डोळे पळवतो, त्याला गरगरायला लागतं आणि काही दिसत नाही. जुना माणूस डोळा एका जागी टेकवून उभा राहतो. कागद वाहू द्यायचा, डोळा हलू द्यायचा नाही. डाग आपण होऊन डोळ्यासमोरून जातो. हे त्यात वाकबगार होते. घरीही पंख्याकडे असे टक लावून बसत की मुलगा लहानपणी त्यांच्या तोंडासमोर हात हलवून बघायचा.

"नजर टेकव," ते मला म्हणाले. "इकडं तिकडं पळवू नको. एक जागा धर आन् थांब. माल आपोआप येते सामने."

रोज सकाळी परातीत डाळ घेऊन मी बसायची आणि हे समोर बसायचे. मी परातीच्या मध्यावर नजर टेकवायची. थांबायची. डाळ काही कागदासारखी धावत येत नाही, हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही. मी शिक्षिका, ते एवढे अनुभवी, आणि आम्ही निर्जीव डाळ चालत येण्याची वाट बघत बसलो होतो. उलट टक लावून बसलं की उजवीकडचं दिसणारंही विरघळायला लागायचं. परातीची कड पुसट व्हायची, मग ह्यांचा गुडघा जायचा, मग फरशी. शेवटी डोळ्यासमोर एवढीशी डाळ उरायची आणि डावीकडून पंगत येऊन बसायची. आता ती मागच्या खोलीपुरती राहिली नव्हती. मी नजर जितकी स्थिर करायची तितकी ती ठसठशीत व्हायची. एकदा तर त्यांच्या मानेवरचे केस दिसले.

जेवताना ह्यांना अजूनही खडे लागत होते. आता मात्र ते उघड ओरडत होते, तेवढा फरक पडला होता.

पावसाळा अर्धा सरल्यावर, डावा खांदा काळानिळा करून घेऊन, मी स्वतःच हट्ट धरला आणि गावातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. तिथे एक तरुण मुलगी डोळ्यांचे व्यायाम शिकवायची. तिने मला चित्रं, ठिपके असलेली पाटी दाखवली, लाल ठिपका शोधायला सांगितला आणि स्वतः पाटीकडे न बघता माझ्या डोळ्यांकडे बघत बसली. मग हसली.

"आंटी, तुमची नजर जिथं दिसतं तिथंच फिरते. डावीकडं जातच नाही. जाते तर एवढी एवढी, सरकत सरकत, और किनारे से वापस. काहून?"

"तिकडे काही नाही म्हणून," मी म्हणाले.

"नाही नाही. तिकडं सगळं आहे. तुम्हाला दिसत नाही, बस. सरकवू नका. नजर फेका. एकदम लांब, दीवार तक. मग तिथून हळूहळू ओळीनं इकडं आणा. जैसे किताब पढ़ते हैं."

ह्यांनी गिरणीतली रीत सांगितली. ती मुलगी गोंधळली, मग नम्रपणे म्हणाली, "अंकल, तुमचा कागद चालत होता. घर कुठं चालतं?" रिक्षात बसल्यावर हे म्हणाले, "पोरगी बरोबर बोलली." त्यांच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे खूप झालं.

मी तिला एकटीला गाठून पंगतीचंही सांगून टाकलं होतं. ती मला वेड्यात काढेल अशी माझी खात्री होती. तिने नुसती मान हलवली. असं पुष्कळांना होतं म्हणाली. मेंदूला रिकामी जागा सहन होत नाही, तो स्वतःच चित्र काढून भरतो. "दिसली की घाबरू नका. सीधी उनपे नजर फेंको. निघून जातील." मग तिने आणखी एक गोष्ट सांगितली, जी तिने सांगितली नसती तर बरं झालं असतं. डोळा एका जागेवरून दुसऱ्या जागेवर उडी मारतो ना, त्या उडीच्या वेळात कोणालाच काही दिसत नाही. चांगल्या डोळ्याच्या माणसालाही नाही. पटत नसेल तर आरशात बघा म्हणाली.

घरी येऊन मी आरशासमोर उभी राहिले. उजव्या डोळ्याकडे पाहिलं, मग डाव्या डोळ्याकडे, मग परत. डोळे हलत होते हे नक्की, पण हलताना एकदाही दिसले नाहीत. आरशातली बाई दर वेळी आधीच माझ्याकडे बघत असायची, मी पोचायच्या आत. ह्यांना उभं केलं, त्यांनाही त्यांचे हलताना दिसले नाहीत. दिवसभर आपण सगळेच मधूनमधून आंधळे असतो आणि मेंदू ते सांधून टाकतो. त्या सांध्यात खोलीत कोण येऊन जात असेल, हा विचार माझ्या डोक्यातून बरेच दिवस गेला नाही. आरशावर मी टॉवेल टाकून ठेवला होता.

पण फेकायला शिकले. सुरुवातीला ते फार भीतीचं काम होतं. जिथे काहीच नाही तिथे डोळा फेकायचा म्हणजे विहिरीत पाय टाकण्यासारखं. फेकला की एकदम तिथे भिंत उभी राहायची, कपाट यायचं, कॅलेंडर यायचं. मग ओळीओळीने परत. वर, मध्ये, खाली. पंगत बसलेली दिसली की मी दात-ओठ खाऊन तिच्यावर नजर फेकायची. खरंच ती निघून जायची. उठून नाही जायची, नुसती नसायची. उरलेल्या भिंतीकडे बघून मला दर वेळी जरा अपराधी वाटायचं, उपाशी उठवल्यासारखं.

सकाळी हे मला तापीकाठच्या राजघाटावर न्यायचे. पायऱ्यांवर मला उभं करायचे आणि स्वतः गर्दीत कुठेतरी जाऊन थांबायचे. मी त्यांना शोधायचं. घाटावर तोंड नदीकडे करून उभं राहिलं की तापी डावीकडून उजवीकडे वाहते. माझ्यासाठी ती माझ्या नाकासमोर सुरू व्हायची. एवढं पाणी, पावसाळ्यातलं, मातकट, मुकाट, हवेतूनच निघायचं आणि उजवीकडे जात राहायचं. निर्माल्य, फांद्या, एकदा एक चप्पल, सगळं शून्यातून बाहेर येऊन वाहून जायचं. पहिल्या दिवशी मी पायरीवरच बसले. मग नजर फेकली आणि नदीला मागचा भाग आला, पलीकडचा काठ आला, आणि छत्रीखाली उभे असलेले हे आले, उगाच आभाळाकडे बघत.

"पास!" ते तिथूनच ओरडले. आमचा तो नियम होता. सापडले की त्यांनी 'पास' म्हणायचं. तोवर चकार शब्द काढायचा नाही, कारण आवाजावरून शोधणं हे शोधणं नाही.

पुढे हा खेळ घरात आला. हे दिवसाकाठी कधीही, न सांगता, डाव्या अंगाला कुठेतरी जाऊन गप्प उभे राहायचे. कपाटाच्या बाजूला, दाराआड, पलंगापाशी. मला सुरुवातीला त्याचा संताप यायचा. आपल्याच घरात आपलाच नवरा आपल्याला न दिसता आपल्याकडे बघत उभा आहे, ही काही बायकोला आवडणारी गोष्ट नाही. एकदा मी चिडून म्हणाले, "भुतासारखं काय उभं राहता?" हे म्हणाले, "तुले भूत सापडलं ना? मग पास." पण दसऱ्यापर्यंत मी तयार झाले. खांद्यावरचे डाग गेले. डाळीत खडा राहिना. शेजारीण आत आली की ती बोलायच्या आधी मी तिला 'ये' म्हणायची. पंगतही बसायची थांबली होती. दिवाळीला मुलगा येईल, बघेल आणि एकटाच परत जाईल, अशी माझी खात्री झाली.

तो धनत्रयोदशीला येणार होता. आदल्या दिवशी घरात साफसफाई चालली होती. हे सकाळपासून कोळ्यांची जाळी काढत होते. साखर कमी करायची रोजची गोळी घेतली होती, पण खाल्लं नव्हतं. "एवढी मागची खोली झाली की जेवतो," असं दोनदा म्हणाले. मी चिवड्याचे पोहे भाजत होते. दुपारी लाइट गेली आणि गल्लीतले सगळे लूम एकदम थांबले. ही शांतता इथल्या माणसाला सवयीची नसते. इतकी वर्षं खडखडीत राहिल्यावर लूम थांबले की कानात काहीतरी ओतल्यासारखं होतं. मी हाक मारली, "अहो, जेवायला या."

उत्तर आलं नाही. मला हसू आलं. परीक्षेच्या आदल्या दिवशी सराव घेणार, माझ्याच पठडीतले झाले म्हणायचे. मी गॅस बंद केला, हात पुसले आणि निघाले. पुढच्या खोलीत नजर डाव्या भिंतीवर फेकली, ओळीने परत आणली. नव्हते. झोपायच्या खोलीत दाराआड बघितलं, पलंगापलीकडे बघितलं. नव्हते. लाइट नसल्याने घरात करडा उजेड होता. मी मागच्या खोलीच्या दारात उभी राहिले.

पंगत बसली होती.

कितीतरी दिवसांनी आली होती, आणि नेहमीसारखीच, भिंतीला लागून, पाठी माझ्याकडे, मांडी घालून. विटके कपडे. वाकलेल्या माना. फक्त या वेळी ओळीत एकजण उलटा बसला होता. त्याचं तोंड माझ्याकडे होतं. आजवर त्यांच्यातल्या कोणी मागे वळून बघितलं नव्हतं. पळावंसं वाटलं, पण पळाले तर उद्या मुलासमोरही पळेन, म्हणून मी जोर करून नजर थेट त्यांच्यावर फेकली.

सगळे गेले. एक उरला.

भिंतीला पाठ लावून, पाय पसरून, हातात जाळी काढायचा झाडू धरून आमचे हे जमिनीवर बसले होते. डोळे उघडे, दाराकडे लागलेले. मला इतका आनंद झाला की मी टाळ्या वाजवल्या. "सापडलात! भूत होऊन बसलात तरी सापडलात! उद्या तुमच्या लेकाला दाखवते, त्याची आई काय चीज आहे!" असं म्हणून मी वळले आणि चहा टाकायला स्वयंपाकघरात आले. आधण ठेवलं. तिथूनच त्यांच्याशी बोलत होते. मुलाला काय काय करून दाखवायचं, आणि तो कसा तोंडात बोट घालेल. "आलं घालू का?" असं विचारलं आणि थांबले.

त्यांनी 'पास' म्हटलं नव्हतं.

मी परत गेले तेव्हा ते तसेच होते. डोळे त्याच जागी टेकलेले, जिथे मी आधी उभी होते. आता मी तिथून जरा बाजूला होते आणि डोळे माझ्यामागे आले नाहीत. शर्ट अंगाला चिकटला होता, कपाळावरून घाम ओघळत होता. मी हलवलं तर मान कलली. मी धावत ओट्यापाशी गेले, पहिल्याच नजरेला साखरेचा डबा सापडला. ओली साखर करून बोटाने त्यांच्या गालाच्या आत, हिरड्यांवर चोळत राहिले. मधेच शेजारणीला ओरडून हाक मारली. चोळत असताना मी त्यांच्या डोळ्यांकडे बघत होते. हल, हल, असं म्हणत होते, मोठ्याने म्हणत होते. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मग बुबुळं जराशी थरथरली, माझ्याकडे आली, माझ्या बोटाकडे गेली.

"काबरं साखर देते?" ते जड जिभेने म्हणाले. "डायबिटीस आहे ना मले."

मी त्यांच्या छातीवर डोकं ठेवून रडले. शेजारीण दारात उभी होती, तिची मी लाज बाळगली नाही.

डॉक्टरांनी सांगितलं, साखर फार खाली गेली होती, आणखी उशीर झाला असता तर माणूस हाती लागला नसता. हे असं आधी झालंय का, असं विचारलं. हे माझ्याकडे न बघता म्हणाले, "दोन-चार वेळा झालं." एकदा राजघाटावर. एकदा कपाटाच्या बाजूला. मी शोधत होते, ते गप्प होते, आणि त्यातल्या काही वेळा ते खेळ म्हणून गप्प नव्हते. घरी येताना रिक्षात त्यांनी माझा हात धरला. "पोराले सांगू नको. तू आता पास होशील. दिवाळी जाऊ दे, मग बघू." मलाही तेच हवं होतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या दिवशी मुलगा आला. त्याने माझी परीक्षा घेतलीच. गाडीची चावी टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात ठेवून शोधायला लावली. बाजारात नेलं, धनत्रयोदशीच्या गर्दीत रस्ता ओलांडायला लावला आणि स्वतः मागे राहिला. डावीकडून येणारी स्कूटर मी त्याच्याआधी बघितली. पणत्या निवडताना एक तडकलेली पणती काढून दुकानदाराला परत दिली. घरी येईपर्यंत तो लहान मुलासारखा खूश होता.

रात्री जेवायला बसलो. तो म्हणाला, "आई, मान गए. मी उगाच टेन्शन घेत होतो. तू एकदम ओके आहे. रहा तुम्ही इथंच, मजेत. कुलूप-बिलूप काही नाही."

चैत्रापासून मी याच वाक्यासाठी जगत होते. मला वाटलं होतं, ते ऐकताना माझं मन भरून येईल. हे समोर बसले होते. त्यांनी पानातून वर बघितलं आणि डोळ्यांनीच मला सांगितलं, कालचं बोलू नको. मी त्यांच्याकडे बघत राहिले. डावीकडून सुरुवात करून, ओळीने, जसं शिकवलं होतं तसं. गळ्याभोवती कॉलर सैल झाली होती. मनगटावरचं घड्याळ खाली घसरलं होतं. भाकरी मोडताना बोटं थरथरत होती, आणि ते दिसू नये म्हणून त्यांनी मनगट ताटाला टेकवलं होतं. इतके महिने त्यांना शोधण्यात गेले, आणि सापडल्यावर त्यांच्याकडे बघायला मी कधी थांबलेच नव्हते.

"नाही रे," मी म्हणाले. "मला आता दिसतं, म्हणूनच सांगते. काल तुझे पप्पा मागच्या खोलीत पडले होते. हे पहिल्यांदा नाही. आमचं सामान बांध. आम्ही तुझ्याबरोबर येतो."

हे पानावरून उठले. हात धुतले आणि मागच्या खोलीत गेले. मुलगा विचारत होता, काय झालं, कधी झालं, मला फोन का केला नाही. मी त्याला थांब म्हटलं, आणि आधी आत जाऊन त्यांना बघून आले.